लिनक्सवर ग्राफिक्स कार्ड रुसलंय? ड्रायव्हरच्या या चुका टाळा

अपडेटनंतर काळा पडदा दिसला की बहुतेकांचा हात आधी जातो तो ड्रायव्हर काढून पुन्हा टाकण्याकडे. साधा बिघाड तिथूनच चिघळतो. एनव्हिडियाचा ड्रायव्हर ही एकच वस्तू नाही. कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, बसणारं मॉड्यूल हा त्याचा एक भाग आणि प्रोग्राम वापरतात त्या लायब्ररी हा दुसरा. दोन्हींची आवृत्ती तंतोतंत एक लागते, आणि त्या आवृत्तीला तुमचं कार्ड चालावं लागतं. ड्रायव्हरच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी या तिघांपैकी कुणाचं तरी जमत नाही म्हणून येतात. कुणाचं, ते आधी शोधायचं.

इथली उदाहरणं मुख्यतः उबुंटू २२.०४ आणि २४.०४ वरची आहेत. डेबियन, फेडोरा आणि एएमडी कार्डांचं वेगळं असेल तिथे सांगितलं आहे. कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलवर त्या लहान रोमन अक्षरांत टाइप करायच्या. ‘जीएलएक्सइन्फो’पुढचा बी, ‘मॉडइन्फो’पुढचा एफ आणि ‘/ईटीसी/एक्स११’मधला एक्स एवढे मात्र मोठे.

चूक १ : न बघताच दुरुस्तीला लागणं

पडदा काळा असला तरी मशीन बहुधा चालू असतं. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा, मजकुराचं लॉगिन येईल. तेही आलं नाही तर रीस्टार्ट करून ग्रबचा, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू उघडा (जुन्या बायोसवर शिफ्ट धरून ठेवायची, यूईएफआयवर एस्केप दाबायची) आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडा. जुन्या कर्नलवर सगळं नीट चाललं, तर अर्धं निदान झालंच: कार्ड ठीक आहे, नव्या कर्नलसाठी मॉड्यूल तयार झालेलं नाही.

मग ‘एलएसपीसीआय -एनएनके’ चालवा. ग्राफिक्स कार्डाच्या नोंदीखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ असते. तिथे ‘एनव्हिडिया’ दिसलं तर मॉड्यूल लागलेलं आहे. ‘नूवो’ दिसलं तर कर्नलसोबत येणाऱ्या मुक्त ड्रायव्हरने कार्ड ताब्यात घेतलं आहे. ती ओळच नसेल, तर कार्डाला कुणी वाली नाही. पडदा चालू आहे पण सगळं संथ आहे, अशा वेळी ‘मेसा-युटिल्स’ पॅकेज टाकून ‘जीएलएक्सइन्फो -बी’ बघा. रेंडररच्या जागी ‘एलएलव्हीएमपाइप’ असेल तर चित्र कार्ड काढत नाही, प्रोसेसर काढतो आहे.

तिसरी जागा म्हणजे मागच्या बूटची कर्नल नोंद: ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’. फसलेल्या बूटनंतर पुन्हा सुरू झालेल्या मशीनवर ही नोंद सोन्यासारखी असते, आणि नेमकी तीच कुणी वाचत नाही. आणखी एक, अगदी साधी गोष्ट: मॉनिटरची केबल कार्डाला लावली आहे की मदरबोर्डला, तेही मागे वाकून बघा.

चूक २ : वेबसाइटवरून ‘डॉट रन’ फाइल उतरवणं

विंडोजची सवय इथे नडते. एनव्हिडियाच्या साइटवरची फाइल चालते, पण ती लायब्ररी थेट सिस्टिमच्या फोल्डरांत टाकते आणि पॅकेजं सांभाळणाऱ्या एपीटीला त्याचा पत्ता नसतो. पुढे एपीटीने स्वतःचा ड्रायव्हर आणला की एकाच जागी दोन आवृत्त्यांच्या फाइली मिसळतात. शिवाय डीकेएमएसमध्ये (प्रत्येक नव्या कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप बांधणारी यंत्रणा) नोंदणी न करता टाकलेला ड्रायव्हर पुढच्या कर्नल अपडेटला हमखास तुटतो.

असा ड्रायव्हर आधीच टाकला असेल तर क्रम पाळा. आधी ‘सुडो एनव्हिडिया-अनइन्स्टॉल’. त्यानंतर एपीटीच्या ‘पर्ज’ने, नावाची सुरुवात ‘एनव्हिडिया-’ किंवा ‘लिबएनव्हिडिया-’ अशी असलेली पॅकेजं काढा. होकार देण्यापूर्वी यादी वाचा. डॉकरमध्ये कार्ड वापरत असाल तर एनव्हिडियाचं कंटेनर टूलकिटही याच सपाट्यात निघून जातं. मग ‘उबुंटू-ड्रायव्हर्स डिव्हाइसेस’ बघा, ज्या ओळीपुढे ‘रेकमेंडेड’ आहे तो ड्रायव्हर ‘सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल’ने टाका आणि रीस्टार्ट करा.

कूडासाठी (कार्डावर आकडेमोड करण्याची एनव्हिडियाची प्रणाली) एनव्हिडियाची पॅकेजांची रिपॉझिटरी जोडणाऱ्यांची गत थोडी वेगळी होते. तिथलं ‘कूडा’ नावाचं पॅकेज स्वतःसोबत ड्रायव्हरही ओढून आणतं, उबुंटूचा ड्रायव्हर आधीपासून असतो, आणि एपीटी ‘हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’ म्हणून हात वर करतं. फक्त कंपायलर आणि लायब्ररी हव्या असतील तर ‘कूडा-टूलकिट’ घ्या. ते ड्रायव्हरला हात लावत नाही. ड्रायव्हर कुठूनही घ्या, पण तो एकाच ठिकाणाहून यायला हवा.

चूक ३ : सर्वांत नवा ड्रायव्हर तोच सर्वांत चांगला, असं समजणं

दुकानातल्या नावावरून ड्रायव्हर निवडू नका, चिपच्या सांकेतिक नावावरून निवडा. ‘एलएसपीसीआय’च्या ओळीत ते असतं. पहिली दोन अक्षरं पिढी सांगतात: जीएफ म्हणजे फर्मी, जीके केप्लर, जीएम मॅक्सवेल, जीपी पास्कल, टीयू ट्युरिंग, जीए अँपिअर, एडी एडा आणि जीबी ब्लॅकवेल.

फर्मीला चालणारी ड्रायव्हरची शेवटची शाखा ३९०, केप्लरची ४७०. दोन्हींचा पाठिंबा एनव्हिडियाने थांबवला आहे, ४७०चा २०२४ मध्ये. मॅक्सवेल आणि पास्कल, म्हणजे जीटीएक्स ७५० टीआय, १०५० टीआय, १०६० यांसारखी आजही असंख्य टेबलांखाली चालणारी कार्डं, ५८० शाखेवर थांबतात. त्यांच्यावर ५९० टाकला तर पॅकेज बिनतक्रार बसतं, पण मॉड्यूल कार्डाला ओळखत नाही. वापरणाऱ्याला वाटतं अपडेट बिघडलं. खरं तर अपडेट त्याच्या कार्डासाठी नव्हतंच.

सर्वांत फसवं नाव जीटी ७३०. या एकाच नावाखाली फर्मी आणि केप्लर अशा दोन्ही चिपांची कार्डं विकली गेली आहेत. डब्यावरून फरक कळत नाही, जीएफ की जीके हे बघूनच कळतो. जीएफ निघालं तर आजच्या कर्नलवर नूवो हाच व्यवहार्य मार्ग आहे, ३९०ला जुगाड करून बसवण्यात दिवस घालवू नका.

पॅकेजच्या नावात ‘-ओपन’ हा शब्द असेल तर तिथेही थांबून विचार करा. एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये कर्नल मॉड्यूलचा स्रोत खुला केला, पण ही खुली मॉड्यूल्स ट्युरिंग आणि त्यापुढच्या पिढ्यांवरच चालतात. जीटीएक्स १०६० वर ‘-ओपन’ टाकलं तर कार्ड सुरू होणार नाही. उलट आरटीएक्स ५० मालिकेला, म्हणजे ब्लॅकवेलला, बंदिस्त मॉड्यूल चालतच नाही. तिथे ‘-ओपन’ सक्तीचं. आवृत्तीचा आकडा सारखाच असल्याने हा घोटाळा पटकन लक्षात येत नाही.

चूक ४ : सिक्युअर बूटचा निळा पडदा हातचा घालवणं

सिक्युअर बूट चालू असताना कर्नल फक्त स्वाक्षरी असलेली मॉड्यूल्स घेतो. उबुंटूच्या तयार ‘लिनक्स-मॉड्यूल्स-एनव्हिडिया’ पॅकेजांवर कॅनॉनिकलची स्वाक्षरी असते, त्यामुळे तिथे काही करावं लागत नाही. डीकेएमएसने तुमच्या मशीनवर बांधलेल्या मॉड्यूलवर मात्र तुमच्याच मशीनची किल्ली असते, आणि ती किल्ली फर्मवेअरपाशी नोंदवावी लागते. म्हणून इन्स्टॉल करताना एक पासवर्ड मागितला जातो, आणि पुढच्या रीस्टार्टला निळा पडदा येतो.

हा पडदा सुमारे १० सेकंदच थांबतो. चहा आणायला गेलात की संधी गेली. त्यावर ‘एनरोल मॉक’ (मॉक म्हणजे मशीनच्या मालकाची किल्ली), मग ‘कंटिन्यू’, मग ‘येस’, मग तो पासवर्ड, आणि शेवटी रीबूट. पहिलीच ओळ ‘कंटिन्यू बूट’ असते. सवयीने एंटर दाबलं तर नोंदणीची विनंती रद्द होते आणि पडदा पुन्हा येत नाही. इथला कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो, म्हणून पासवर्डमध्ये साधी अक्षरं आणि आकडेच ठेवा.

चुकलंच तर ‘सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया’ला ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं उत्तर मिळतं. ड्रायव्हर पुन्हा टाकून याला काहीही फरक पडत नाही. ‘सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी --एनरोल-की’ चालवा, नवा पासवर्ड द्या, रीस्टार्ट करा आणि या वेळी पडद्यासमोर बसून राहा. अनेक जण कंटाळून बायोसमध्ये सिक्युअर बूटच बंद करतात. त्याने काम होतं, पण पाच मिनिटांच्या नोंदणीसाठी संरक्षणाचा एक थर कायमचा घालवणं आम्हाला पटत नाही.

चूक ५ : हेडर्स आणि कंपायलर विसरणं

डीकेएमएसला प्रत्येक कर्नलसाठी मॉड्यूल नव्याने बांधावं लागतं आणि त्यासाठी त्याच कर्नलचे हेडर्स (मॉड्यूल बांधताना लागणाऱ्या व्याख्यांच्या फाइली) लागतात. मंचांवरच्या सल्ल्यानुसार लोक फक्त सध्याच्या कर्नलचे हेडर्स टाकतात. महिन्याभराने नवा कर्नल येतो, त्याचे हेडर्स येत नाहीत, मॉड्यूल बांधलं जात नाही. म्हणून ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’ हे मेटापॅकेज टाका (एचडब्ल्यूई, म्हणजे नव्या हार्डवेअरसाठीचा कर्नल असेल तर त्याच्या नावाचं). मग कर्नलच्या पाठोपाठ हेडर्स आपोआप येत राहतात.

‘डीकेएमएस स्टेटस’मध्ये चालू कर्नलपुढे ‘इन्स्टॉल्ड’ दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर ‘/व्हार/लिब/डीकेएमएस/एनव्हिडिया’ या फोल्डरात आवृत्तीच्या खाली ‘बिल्ड’मध्ये ‘मेक डॉट लॉग’ असतो. त्यातली पहिली चूक वाचा, शेवटची नव्हे. उबुंटू २२.०४ वर ६.५ कर्नल आला तेव्हा या लॉगमध्ये ‘अनरेकग्नाइज्ड कमांड-लाइन ऑप्शन’ असं दिसायचं. कर्नल जीसीसी १२ ने बांधलेला होता, सिस्टिमचा जीसीसी मात्र ११. ‘जीसीसी-१२’ पॅकेज टाकून ‘सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल’ केलं की प्रश्न मिटायचा.

डिस्क एनक्रिप्ट केलेली असेल तर ‘/बूट’ वेगळ्या, छोट्या पार्टिशनवर असतं. ते भरलं की नवी इनिटरॅमएफएस (बूट होताना सर्वांत आधी उघडणारी छोटी फाइल-प्रणाली) अर्धवट राहते आणि दोष ड्रायव्हरवर जातो. ‘डीएफ -एच /बूट’ बघून ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह’ने जुने कर्नल काढा. चालत असलेला कर्नल आणि आधीचा एक, एवढे ठेवा.

फेडोरावर आरपीएम फ्यूजन या रिपॉझिटरीचं ‘एकेमॉड-एनव्हिडिया’ टाकल्यावर लगेच रीस्टार्ट करू नका. मॉड्यूल पार्श्वभूमीवर बांधलं जात असतं, त्याला पाचेक मिनिटं लागतात. ‘मॉडइन्फो -एफ व्हर्जन एनव्हिडिया’ने आवृत्तीचा आकडा दाखवला, की मगच रीस्टार्ट.

चूक ६ : ‘नोमोडसेट’ कायमचं ठेवणं

हा पर्याय तात्पुरत्या कुबडीसारखा आहे. इन्स्टॉल करताना पडदा काळा येत असेल तर ग्रबमध्ये ‘ई’ दाबून, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी तो लिहून एफ१० दाबायचं, एवढंच त्याचं काम. पण तो ग्रबच्या सेटिंगमध्ये लिहून ठेवला तर एएमडी आणि इंटेलचे ड्रायव्हर कार्डाचा ताबाच घेत नाहीत. मग रिझोल्यूशन बदलत नाही, दुसरा मॉनिटर दिसत नाही, व्हिडिओ अडखळतो. ‘कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन’मध्ये हा शब्द दिसला तर ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’मधून काढा आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा.

याच जातीचा कचरा म्हणजे जुनी ‘झॉर्ग डॉट कॉन्फ’ ही पडद्याच्या सेटिंगची फाइल. एनव्हिडियाचं कार्ड काढून एएमडीचं बसवलं आणि एक्स (पडद्यावर खिडक्या दाखवणारा प्रोग्राम) ‘नो स्क्रीन्स फाउंड’ म्हणत बंद पडला, तर ‘/ईटीसी/एक्स११’मध्ये ही फाइल आहे का बघा. तिचं नाव बदलून ठेवा. आज ती बहुतेकांना लागतच नाही. नूवोला काळ्या यादीत टाकणाऱ्यांनीही त्यानंतर ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ चालवलंच पाहिजे, नाहीतर इनिटरॅमएफएसमधला नूवो सर्वांत आधी उठतो आणि कार्ड पकडतो.

चूक ७ : एएमडी कार्डासाठी ड्रायव्हर शोधत फिरणं

तो कर्नलमध्ये ‘एएमडीजीपीयू’ नावाने आधीच आहे, आणि ओपनजीएल व वल्कन या चित्र काढण्याच्या प्रणालींचं काम मेसा हा लायब्ररींचा संच करतो. नवं एएमडी कार्ड चालत नाही तेव्हा कारण बहुधा कर्नल, मेसा किंवा फर्मवेअर जुनं असणं हेच असतं. उबुंटू २४.०४ मूळ ६.८ कर्नलसह आलं. मार्च २०२५ मध्ये बाजारात आलेलं आरएक्स ९०७० त्याला कसं माहीत असणार? तिथे एचडब्ल्यूई कर्नल आणि मेसा २५ हवं. कर्नल नोंदीत ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड’ आणि ‘फेल्ड विथ एरर -२’ दिसलं तर फर्मवेअरची फाइलच डिस्कवर नाही. उबुंटूवर ‘लिनक्स-फर्मवेअर’ अद्ययावत करा. डेबियन १२ वर ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ विभाग चालू करून ‘फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स’ टाका.

चूक ८ : रीस्टार्ट टाळणं, आणि हार्डवेअरचा दोष ड्रायव्हरवर टाकणं

काल चालणारं, कार्डाची स्थिती दाखवणारं ‘एनव्हिडिया-एसएमआय’ आज ‘ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच’ म्हणतं, तेव्हा रात्री आपोआप झालेल्या अपडेटने लायब्ररी बदललेल्या असतात आणि मेमरीत मॉड्यूल जुनंच असतं. उपाय एकच, रीस्टार्ट. लोक इथे ड्रायव्हर काढतात आणि नसलेला बिघाड तयार करतात.

उलट, खेळताना किंवा रेंडरिंग करताना मध्येच पडदा गेला आणि नोंदीत ‘एक्सआयडी ७९’ व ‘जीपीयू हॅज फॉलन ऑफ द बस’ असं आलं, तर आधी पेटी उघडा. कार्ड पीसीआय स्लॉटमधून कर्नलला दिसेनासं झालं आहे. स्लॉटमध्ये ते नीट बसलंय का, पॉवर केबल पूर्ण आत गेली आहे का, दोन जोडण्यांसाठी एकाच केबलचे दोन फाटे वापरलेत का, पंखा फिरतोय का आणि धूळ किती साचली आहे, हे क्रमाने बघा. दुसरा पॉवर सप्लाय लावून चाचणी घ्या. कार्ड दुसऱ्या मशीनवरही असंच पडलं तर ते वॉरंटीत आहे का, ते पाहायची वेळ आली आहे.