रीलची सुरुवात समुद्राने करू नका

कोकणातल्या कुठल्याही होमस्टेची, खानावळीची नाहीतर आंबेवाल्याची रील उघडा. ड्रोनमधून किनारा, माडांची रांग, मागे बासरी आणि वर मोठ्या अक्षरांत ‘येवा, कोकण आपलाच आसा’. पाच सेकंद गेले तरी विकायला काय आहे ते कळत नाही, तोवर बघणाऱ्याचा अंगठा पुढे सरकलेला असतो. वेळणेश्वरचा समुद्र आणि भोगव्याचा समुद्र फोनच्या पडद्यावर एकसारखाच दिसतो. शेजाऱ्याच्या रीलमध्येही तोच आहे. तुमच्याकडचं जे शेजाऱ्याकडे नाही, ते आधी दाखवा.

बिझनेस अकाउंट, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस आणि गुगल मॅपवरची पिन हे सगळं झालेलं आहे असं धरतो. पिन मात्र गावाच्या नावावर नको, वाडीत गाडी जिथे वळते तिथपर्यंत बरोबर हवी. फोन उभा धरायचा, सेटिंग १०८० पी, ३० फ्रेम. ४के कोणी सांगितलं तरी घेऊ नका. फाइल जड होते आणि गावातल्या रेंजवर अर्ध्यात अडकते. लेन्स दर वेळी मऊ सुती कापडाने पुसा, कारण खानावळीतल्या फोनवर तेलाचा थर असतोच.

एका रीलमध्ये एकच वस्तू आणि एकच भाव. थाळी, रूम, बोटिंग, काजू आणि कोकम सरबत एकाच मिनिटात कोंबलं तर लक्षात काहीच राहत नाही.

पहिले तीन सेकंद

सगळे इथेच अडकतात. ‘आकर्षक सुरुवात करा’ असा सल्ला सगळीकडे मिळतो, पण आकर्षक म्हणजे काय आणि फोन कुठे धरायचा हे कोणी सांगत नाही. साधा नियम असा: पहिल्या फ्रेममध्ये काहीतरी घडत असलं पाहिजे, आणि घडतंय ते विकायच्या वस्तूलाच. ‘नमस्कार मित्रांनो’ कापा. फिरत येणारा लोगो कापा. ‘शेवटपर्यंत नक्की बघा’ म्हणणाऱ्याचं शेवटपर्यंत कोणी बघत नाही.

खानावळ असेल तर तवा घ्या. रवा लावलेली सुरमईची तुकडी उलथण्याने पलटते आणि खालची खरपूस, सोनेरी बाजू वर येते, तो क्षण पहिला. तुकडी तेलात सोडतानाचा क्षण दुसरा. क्रम उलटा वाटेल, पण आधी तयार झालेलं दिसलं की माणूस थांबतो. फोन तव्याच्या बरोबर वर धरलात तर दोन सेकंदांत काचेवर वाफ बसते आणि चित्र दुधी होतं. तव्याच्या काठाच्या उंचीवर, बाजूने, हातभर अंतरावरून आणि दुप्पट झूम करून घ्या. रेकॉर्डिंग पाच सेकंद आधी चालू करा आणि नंतर असं कापा की अर्ध्या सेकंदाच्या आत तुकडी पलटायला लागेल. घाण्यातली पहिली तुकडी कॅमेऱ्यासाठी वापरू नका. तेल पुरतं तापलेलं नसतं, रवा तेल पितो, आवाजही येत नाही. रव्याचे चार दाणे टाकून ते लगेच चरचरले की मग सुरमई सोडा.

त्या चरचरीवर गाणं चढवणं हा गुन्हाच म्हणायला हवा. माणूस त्या आवाजावरच थांबतो. त्या वेळी एक्झॉस्ट पंखा, मिक्सर आणि फ्रीज बंद ठेवा. फ्रीजची घरघर कानाला जाणवत नाही, पण माइक ती बरोबर पकडतो. नंतर फ्रीज चालू करायला विसरू नका.

स्वयंपाकघरातल्या ट्यूबखाली चित्रात काळे पट्टे सरकताना दिसतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते आणि फोनचा शटर त्याच्याशी जुळत नाही. मॅन्युअल मोड असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. नसेल तर ट्यूब बंद करून गॅस खिडकीजवळ न्या. सोलकढी तर ट्यूबखाली घेऊच नका. तो गुलाबी रंग राखाडी दिसतो आणि पाहणाऱ्याला ताक वाटतं. सोलकढी पडवीत, दिवसाच्या उजेडात, काचेच्या ग्लासात ओतताना घ्या.

आंबेवाल्याने पेटी दाखवू नये, आढी (गवतात पिकत ठेवलेली आंब्यांची रास) दाखवावी. हात गवत बाजूला करतो, खालून पिवळे आंबे दिसतात, गवताची सळसळ ऐकू येते. लगेच एका आंब्याचा गाल कापून उघडायचा आणि आत साका (गरातला पांढरट, न पिकलेला भाग) नाही हे जवळून दाखवायचं. मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाची पहिली भीती साक्याची असते, आणि तुम्ही ती न विचारता दूर केलेली असते. झेल्याने (काठीला बांधलेल्या जाळीने) उतरवलेल्या, देठ शाबूत असलेल्या फळाचा एक शॉट मागून जोडला तर उत्तम. देठाचा चीक सालीवर ओघळलेला नाही, हे जाणकार लगेच टिपतो.

इथे रंग दगा देतो. चिऱ्याच्या लाल भिंतीपुढे आंबा ठेवलात की फोन लाल रंग कमी करायला जातो आणि पिकलेला हापूस हिरवट, आजारी दिसतो. मागे फक्त गवत किंवा पांढरा पंचा ठेवा. सकाळी साडेनऊच्या आत, ओटीवरच्या सावलीत घ्या. पडद्यावर आंब्यावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड लॉक होतो, मग उजेड किंचित खाली ओढा. फिल्टर लावून आंबा पिवळाधमक करू नका. एकसारखं पिवळं फळ बघून शहाणं गिऱ्हाईक आधी कार्बाइडचा संशय घेतं (कार्बाइडने पिकवायला कायद्याने बंदी आहे), आणि घरी पेटी उघडल्यावर तसा रंग दिसला नाही तर शिव्या तुम्हालाच. ‘हापूस’ला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असेल तर प्रमाणपत्र एक सेकंद दाखवा. नसेल तर मानांकनाचं चिन्ह लावू नका.

होमस्टेची सुरुवात दाराने करा. कडी सरकते, दार उघडतं, खोली दिसते, आणि तिथे न थांबता फोन थेट बाथरूममध्ये जातो. आई-वडिलांना घेऊन येणाऱ्या कुटुंबाला एसी, कमोड आणि पार्किंग या तीन गोष्टी आधी कळायला हव्या असतात. बाथरूम दाखवायची लाज वाटत असेल तर रीलचं नंतर बघू, आधी बाथरूम दुरुस्त करा. मग गेटपासून वाळूपर्यंत चालत जा, न थांबता, आणि ते वेग वाढवून चार सेकंदांत बसवा. वर खरी मिनिटं लिहा. सात मिनिटं लागत असतील तर ‘हाकेच्या अंतरावर’ लिहू नका. समुद्र इथे शेवटी येऊ दे, आता त्याला अर्थ आहे. ड्रोन लागतच नाही. किल्ले आणि विमानतळाच्या आसपास परवानगीची भानगड आहेच, शिवाय ड्रोनला तुमचं बाथरूम दिसत नाही.

तपासणी सोपी आहे. आवाज बंद करून पहिले तीन सेकंद घरच्यांखेरीज कोणालाही दाखवा आणि फोन काढून घ्या. ‘काय विकतात?’ विचारा. उत्तर ‘बीच’ आलं तर पुन्हा शूट करा.

बाकीचं पटापट

लांबी १५ ते ३० सेकंद. रील आणि शॉर्ट्सला आता याहून बरीच जास्त मुभा आहे, म्हणून ती भरलीच पाहिजे असं नाही.

बोलायचं असेल तर किनाऱ्यावर बोलू नका. दुपारनंतरचा खारा वारा माइकमध्ये नुसता फडफडतो आणि कुठलंही अ‍ॅप तो नीट काढत नाही. चित्र बाहेर घ्या, आवाज गाद्या रचलेल्या खोलीत वायरच्या इअरफोनवर वेगळा घ्या. आणि पुस्तकी बोलू नका. ‘आज बांगडो फडफडीत आसा’ हे पुण्याच्या माणसालाही कळतं आणि आवडतं.

बिझनेस अकाउंटला चित्रपटगीतं बहुतेक मिळत नाहीत आणि मिळाली तरी धंद्यासाठी त्यांचा परवाना नसतो. अचानक रील मुकी होते. मेटाच्या साउंड कलेक्शनमधलं संगीत घ्या, नाहीतर तवाच वाजू दे.

अक्षरं चार ते सहा शब्द: ‘सुरमई थाळी ४५० रु., मालवण’. भाव लपवून ‘डीएम करा’ लिहिणं मला अजिबात पटत नाही. बघणारा महाग असणार असं धरून पुढे जातो. अक्षरं वरच्या-मधल्या भागात ठेवा. खालचा पाचवा हिस्सा कॅप्शनखाली जातो आणि उजवी कड बटणांखाली. काही फॉन्ट वेलांट्या कापतात, म्हणून मुक्ता किंवा बलू वापरा. एडिटिंग इन्स्टाग्रामच्या एडिट्स अ‍ॅपमध्ये किंवा इनशॉटमध्ये, पण दुसऱ्या अ‍ॅपचा वॉटरमार्क राहू देऊ नका, त्याने रील कमी लोकांना सुचवली जाते. अपलोड करण्याआधी सेटिंगमध्ये उच्च दर्जाचं अपलोड चालू करा.

कॅप्शनच्या पहिल्या ओळीत वस्तू आणि ठिकाण. गावाचं नाव कोणाला माहीत नसेल तर जवळचं ओळखीचं घाला. लोक ‘तारकर्ली होमस्टे’ शोधतात, तुमच्या वाडीचं नाव शोधत नाहीत.

इन्फ्लुएन्सरला फुकट राहायला-जेवायला दिलंत तर त्याने ते सांगायलाच हवं, पैसे दिले नसले तरी. केंद्राच्या ग्राहक विभागाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना तसंच म्हणतात. कोकम आगळ, लोणचं, पापड विकत असाल तर पाकिटावरचा १४ अंकी एफएसएसएआय (अन्न परवान्याचा) क्रमांक एकदा दिसू द्या.

जाहिरातीचे पैसे (बूस्ट) लावायचे ते ज्या रीलवर आपोआप चौकशा आल्या तिच्यावरच. पडलेल्या रीलला बूस्ट देणं म्हणजे बुडत्या होडीत आणखी माणसं भरणं. होमस्टे आणि आंब्यासाठी मुंबई, ठाणे, पुणे, कोल्हापूर निवडा. महामार्गावरच्या खानावळीने स्वतःभोवतीचे १५-२० किलोमीटर घ्यावेत, कारण तिचं गिऱ्हाईक आत्ता गाडीत बसलेलं आहे. बजेट ठरवताना वर १८ टक्के जीएसटी धरा. बटण व्हॉट्सअ‍ॅपचं ठेवा.

व्ह्यूज मोजू नका, मेसेज मोजा. प्रत्येक रीलला वेगळा शब्द द्या: एकीत गिऱ्हाइकाला ‘आढी’ लिहून पाठवायला सांगा, दुसरीत ‘पेटी’. आठवड्याने कुठला शब्द जास्त आला ते व्हॉट्सअ‍ॅपवर शोधलं की कळतं. भाव, पिन आणि रिकाम्या तारखा हे तीन व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या झटपट उत्तरांत (क्विक रिप्लायमध्ये) भरून ठेवा. रात्री नऊला आलेल्या चौकशीला सकाळी उत्तर दिलंत तर तोवर त्याने शेजारी बुकिंग केलेलं असतं.

जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा एप्रिलमधली सुरमईची रील पुन्हा टाकू नका. खाली मालवणातलाच कोणीतरी ‘बंदीत सुरमय खयसून इली?’ विचारतो आणि ती कमेंट सगळ्यांत वर जाऊन बसते. त्या दिवसांत कोंबडी-वडे, खाडीचे मासे, सुके बांगडे यांच्या रील करा. पिन करून ठेवलेल्या जुन्या रीलवरचा भाव बदलला असेल तर ती काढा आणि तोच शॉट नव्या भावाने पुन्हा टाका. मूळ फुटेज अक्षरांशिवाय जपून ठेवलं असेल तर हे दहा मिनिटांचं काम आहे.