परदेशात पोस्टडॉक शोधायचाय? आधी मेल नीट लिहा

पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरची रिसर्चची तात्पुरती नोकरी. ती पाहिजे तर थिसिस सबमिट होऊ दे, मग बघू असं म्हणत बसू नका. सबमिशनच्या आठ-दहा महिने आधीच लागा, कारण फंडिंग, कागदं, व्हिसा ह्यातच अर्ध वर्ष जातंय.

जाहिराती यूरॅक्सेस, नेचर करिअर्स, जॉब्स डॉट एसी डॉट यूके इथं येतात, अलर्ट लावा आणि सोडून द्या. खरं काम मेलनंच होतंय. ग्रँट हातात आली की कधीकधी जाहिरातीच्या आधीच माणूस ठरलेला असतो, म्हणून आपल्या विषयातले गेल्या दोन वर्षांचे पेपर काढा, शेवटचा ऑथर बघा (बहुतेक लॅब त्याचीच असते), आणि लॅबच्या वेबसाइटवर कोण सोडून चाललंय तेही बघा.

मी पहिल्या खेपेला एकच मेल चाळीस जणांना ढकललेला, त्यात एका मेलात आधीच्या प्रोफेसरचं नाव तसंच राहिलं. उत्तर आलं, "तुम्ही शोधताय तो मी नव्हे." बेळगावात टिळकवाडीत मित्राच्या खोलीवर बसलेलो, तो आठवडाभर मला त्याच नावानं हाक मारत होता. नंतर आठवड्याला तीनच मेल, पण प्रत्येक वेगळा. पहिल्या ओळीत त्यांच्या कुठल्या पेपरातली कुठली अडचण, दुसऱ्या ओळीत मी त्यात काय करीन. म्हणजे असं: तुमचा पेरोव्स्काइटचा (सोलर सेलमध्ये वापरतात तो पदार्थ) थर ओलाव्यात टिकत नाही, मी पीएचडीत त्यावर कोटिंग केलंय, ग्राफ जोडलाय. 'हार्डवर्किंग, पॅशनेट' सगळं उडवा. सीव्ही दोन पानं. दहा दिवसांनी एकदा आठवण करा, मग गप्प.

फेलोशिपलासुद्धा हीच ओळख लागते. जपानच्या जेएसपीएस फेलोशिपचा अर्ज तिथला होस्टच, म्हणजे ज्यांच्या लॅबमध्ये जायचं ते प्रोफेसरच भरतात. जर्मनीच्या हम्बोल्टला पीएचडी होऊन ४ वर्षांच्या आत अर्ज करता येतो, पण होस्टचं पत्र पाहिजेच. युरोपियन युनियनच्या मारी क्युरीला डेडलाइनच्या आधीच्या ३६ महिन्यांत ज्या देशात जायचंय तिथं १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही.

आता आपल्याकडची, बेळगावची भानगड. एसएसएलसीच्या (कर्नाटकातली दहावी) मार्क्स कार्डावर नावापुढं नुसती इनिशियल्स, पासपोर्टवर बापाचं नाव आडनाव सगळं, पीएचडीच्या सर्टिफिकेटवर तिसरंच काहीतरी. गावाचं स्पेलिंग पण २०१४ च्या आधीच्या कागदावर बेलगाम आणि नंतरच्यावर बेळगावी. ऑफर यायच्या आधीच अ‍ॅफिडेव्हिट करून ठेवा, जन्मदाखला कन्नडमध्ये असला तर त्याचं इंग्रजी भाषांतरही. आणि रेफरन्स देणाऱ्या सरांचा जीमेल देऊ नका, बऱ्याच ठिकाणी युनिव्हर्सिटीचाच मेल आयडी मागतात, आमच्या सरांचा तो इनबॉक्स भरून गच्च झालेला, दोन दिवस त्यातच गेले की.

इंटरव्ह्यूची वेळ दोनदा तपासा, जर्मनी उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागं, हिवाळ्यात साडेचार. स्लाइड्स आधीच त्यांना पाठवून ठेवा, लॅपटॉप फुल चार्ज, मोबाइलचा हॉटस्पॉट चालू, कारण ऐन टायमाला करंट जातोच.