'बेअर द ब्रंट' वापरताना या चुका टाळा

संकटाची सगळ्यात जास्त झळ कोणी सोसली हे सांगायचं असेल, तर इंग्रजीत 'बेअर द ब्रंट' म्हणतात. बातम्यांत, अहवालांत हा वाक्प्रचार सारखा दिसतो आणि चुकतोही सारखा. यातला चुकीचा शब्द बहुधा स्वतः एक खराच इंग्रजी शब्द असतो, त्यामुळे स्पेलचेक अनेकदा त्याच्याखाली लाल रेघ ओढत नाही. नजर आपल्यालाच ठेवावी लागते.

सुरुवात क्रियापदापासून. सोसणं म्हणजे बी-ई-ए-आर. बी-ए-आर-ई म्हणजे उघडा किंवा उघडं करणं. उच्चार दोन्हींचा 'बेअर'च, म्हणून नुसतं कानावर विसंबून लिहिणारे फसतात. 'बेअरिंग' लिहिताना हमखास घोटाळा होतो: मधला ई गळला की सोसण्याचं उघडं करणं होऊन बसतं. वाचताना उलटी गल्लत होते. 'निअर', 'डिअर', 'हिअर' यांत ई-ए-आर आहे म्हणून काही जण इथेही 'बिअर' म्हणतात. तसं करू नका. तो पेयाचा उच्चार झाला.

खरी मेख रूपांमध्ये आहे: बेअर, बोअर, बोर्न. शपथ घेण्याचं 'स्वेअर, स्वोअर, स्वोर्न' आणि फाडण्याचं 'टेअर, टोअर, टोर्न' याच चालीवर चालतात. तिन्ही एकत्र मोठ्याने म्हणा, लगेच तोंडात बसतील. 'बोअर्ड' हे सोसण्याचं रूप नाहीच. ते कंटाळण्याचं किंवा भोक पाडण्याचं. स्पेलिंगमध्ये मात्र आपलं क्रियापद वेगळं पडतं. स्वोर्न, टोर्न एनवर संपतात, पण सोसण्याचं तिसरं रूप बी-ओ-आर-एन-ई. शेवटचा ई उच्चारायचा नाही, पण लिहायचा नक्की. ई नसलेलं 'बोर्न' जन्माला येण्यासाठी. गंमत म्हणजे आई कर्ता असेल, तर जन्माच्या वाक्यातही ई परत येतो: 'शी हॅज बोर्न थ्री चिल्ड्रन'. शंका आली तर 'एअरबोर्न' आठवा. हवेने वाहून नेलेलं, म्हणून त्यातही ई आहे.

लिहून झाल्यावर पडताळायची सोपी युक्ती: क्रियापदाच्या जागी 'सफर्ड' घालून बघा. वाक्याचा अर्थ लागला, तर ते सोसण्याचंच क्रियापद. मग रूप ठरवा: आधी हॅज, हॅव, हॅड किंवा वॉज, वेअर असेल तर 'बोर्न', नुसता भूतकाळ असेल तर 'बोअर'.

'ब्रंट'चं स्पेलिंग बी-आर-यू-एन-टी. आर आणि यू यांची अदलाबदल झाली की 'बर्न्ट', म्हणजे जळलेलं. ही चूक घाईत टाइप करताना फार होते.

वाक्यरचनेत मराठी आड येते. आपण 'गावांना झळ बसली' म्हणतो, म्हणून 'द ब्रंट केम टू द व्हिलेजेस' असं काहीतरी लिहिलं जातं. इंग्रजीत सोसणारा कर्ता हवा: 'द कोस्टल व्हिलेजेस बोअर द ब्रंट ऑफ द स्टॉर्म'. आधी 'द' लागतो, पुढे 'ऑफ', 'फ्रॉम' नाही. 'ब्रंट्स' असं अनेकवचन करत नाहीत. 'सम ब्रंट'ही म्हणू नये, कारण ब्रंट म्हणजेच माराचा मुख्य भाग. 'द फुल ब्रंट' मात्र सर्रास चालतं.

बोलताना जोर 'ब्रंट'वर द्या आणि 'द' हलकाच उच्चारून पुढे जा.