शिशाची गोळी आणि ग्लॉकची नळी: रेंजवर निघण्याआधी

आधी काडतुसांचा डबा उघडा आणि गोळीचा रंग बघा. तांबूस चकाकी असेल तर गोळीवर तांब्याचं कवच किंवा मुलामा आहे, निघा नेमबाजीच्या रेंजवर. राखाडी, मेणचट असेल आणि नखाने ओरखडा उठत असेल तर ती उघड्या, मऊ शिशाची. ओरखडा उठला नाही तरी कवच आहे असं समजू नका. शिशात अँटिमनी आणि कथील मिसळलं की ते बरंच कडक होतं. इथे अमेरिकेत स्वस्त पडतात म्हणून बरेच जण अशा गोळ्या घेतात किंवा गॅरेजमध्ये स्वतः ओततात. पिस्तूल जुन्या धाटणीचं असेल तर त्यात वावगं काही नाही. ग्लॉक कंपनीचं असेल तर मात्र पुढचं वाचून मग पिशवी भरा.

आता नळी बघा. मॅगझिन काढा, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढा, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागेत) डोळ्याने बघा आणि बोटानेही चाचपा. मगच पिस्तूल खोला. सुटी नळी उजेडाकडे धरून आरपार पाहा. साध्या नळीत पीळ दिलेले चर कोरलेले दिसतात आणि दोन चरांमध्ये धारदार कंगोरे. ग्लॉकच्या ९ मि.मी. नळीत धार दिसत नाही; गोलसर कोपऱ्यांचा षट्कोन पुढे पिळत गेलेला दिसतो. .४५ कॅलिबरच्या नळीत अष्टकोन असतो. एचके (हेकलर अँड कोख) आणि कार (Kahr) या कंपन्यांची काही पिस्तुलं आणि डेझर्ट ईगल हे पिस्तूलही याच गोत्रातलं. २०१७ साली आलेल्या ग्लॉकच्या पाचव्या पिढीत नळीची घडण थोडी बदलली आहे, तरी सावधगिरी तीच ठेवा. उघड्या शिशाच्या गोळ्या वापरू नका असं कंपनी सांगते आणि घरी भरलेल्या काडतुसांवर वॉरंटीही देत नाही. पुस्तिकेतलं ते पान वाचून झालं की यादीतलं एक काम संपलं.

पण हे असं का, तेही समजून घ्या, नाहीतर दुकानातला कोणीतरी ‘काही होत नाही हो’ म्हणेल आणि तुम्हाला पटेल. साध्या नळीत कंगोरे गोळीत रुततात आणि तिला फिरवतात. बहुकोनी नळीत रुतायला धारच नाही. गोळी सगळीकडून दाबली जाते. तांब्याच्या कवचाला हे मानवतं. वायू मागे नीट अडतो आणि नळी साफ करायलाही सोपी जाते. मऊ शिसं मात्र पीळ न धरता घसरू शकतं, घासलं जातं. गोळी नळीपेक्षा किंचित बारीक असेल तर तापलेला वायू कडेने निसटून तिची कड खरवडतो. ते शिसं नळीत चिकटतं, त्यावरून पुढची गोळी जाते, आणखी थर बसतो. ९ मि.मी. साठी अमेरिकेत ठरलेली दाबाची कमाल मर्यादा ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे. वाट अरुंद होत गेली की दाब त्या मर्यादेबाहेर जाऊ शकतो, आणि शेवटी नळी फुटू शकते, तीही नेमकी तुमच्या हातात. चेंबरच्या तोंडाशीच थर बसला तर पुढचं काडतूस पुरतं आत जात नाही. स्लाइड अर्धवट मिटलेली असताना बार उडाला तर काडतुसाच्या पितळी पुंगळीला आधार उरत नाही. हे सगळं पहिल्या गोळीला होत नाही, म्हणूनच माणूस गाफील राहतो.

गंमत म्हणजे इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थने १८५० च्या दशकात षट्कोनी नळीची रायफल केली, तीत शिशाच्याच गोळ्या जायच्या. पण त्या गोळीलाही अनेकदा नळीला जुळतील असे सहा पैलू पाडलेले असत, आणि बंदुकीची दारू जुनी, काळी होती. आजच्या गोल गोळीला तो दाखला लागू होत नाही. ऑलिंपिकमधल्या २५ मीटर पिस्तुलाची .२२ ची गोळीही शिशाचीच असते, पण तिथे वेग कमी, दाब कमी आणि गोळीला वंगण लावलेलं.

मग काय करायचं? माझं मत सरळ आहे: शिसंच वापरायचं असेल तर साध्या चरांची दुसरी नळी विकत घ्या. लोन वुल्फ, केकेएम, बार-स्टो यांच्या नळ्या ग्लॉकमध्ये बसतात, आणि गोळ्यांत वाचलेल्या पैशातून खर्च हळूहळू भरून निघतो. दुसरी वाट तांब्याचा मुलामा दिलेल्या गोळ्यांची. मुलामा पातळ असतो, म्हणून गोळी बनवणाऱ्याने दिलेली वेगाची मर्यादा पाळा. तिसरी वाट पॉलिमर किंवा पावडरचा लेप दिलेल्या गोळ्यांची. त्या ग्लॉकच्या मूळ नळीतून मारणारे पुष्कळ आहेत. लेप चांगला असेल तर शिसं नळीला शिवत नाही. पण लेप नीट भाजला गेलाय का ते तपासा. एक गोळी ऐरणीवर ठेवून हातोडीने चपटी करा. लेप पापुद्र्यासारखा सुटला तर ती खेप परत वितळवायच्या भांड्यात.

काडतुसं स्वतः भरत असाल तर व्हर्नियरऐवजी मायक्रोमीटर घ्या. कवचवाली ९ मि.मी. गोळी .३५५ इंचाची असते, ओतलेली साधारण .३५६ किंवा .३५७ ची घेतात. जाड गोळीमुळे काडतूस अडकू शकतं, म्हणून सुट्या नळीत प्रत्येक नमुना टाकून बघा: टपकन आत जायला हवा, बोटाने फिरायला हवा आणि नळी उलटी केली की आपोआप पडायला हवा. दारूचं माप छापील पुस्तकातून, तेही खालच्या टोकापासून. मित्राच्या वहीतून नाही.

आदल्या रात्री नळी कोरडी, स्वच्छ करून ठेवा, म्हणजे उद्याचा थर उद्याचाच आहे हे कळेल. रेंजला फोन करून विचारा. बंदिस्त रेंजवर उघडं शिसं चालेलच असं नाही. कागदपत्रं लगेच बघून घ्या. नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर असाल तर शिकारीच्या परवान्यासारखा अपवाद असल्याशिवाय बंदूक किंवा काडतूस हाती धरणं इथल्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. रेंजवर भाड्याने घेतलेलं पिस्तूलही त्यातच आलं. आपल्या लोकांना हे माहीत नसतं आणि ऑफिसच्या सहलीत हौसेने हातात घेतात.

पिशवीत डोळ्यांना चष्मा, कानांना मफ, छोटा टॉर्च, चेंबर रिकामं असल्याची खूण म्हणून लावायचा झेंडा, एक वही. वही कशाला? मी पहिल्यांदा लेपाच्या गोळ्या नेल्या तेव्हा किती मारल्या ते मोजलंच नाही. घरी येऊन नळीत टॉर्च धरला तर आत करडे पट्टे, आणि अख्खी संध्याकाळ खरवडण्यात गेली. आता दहा मारतो, थांबतो, रिकामं करतो, नळी काढून बघतो आणि लिहितो. स्वच्छ असेल तर पुढचे वीस. पट्टे दिसले, कागदावर गोल भोकाऐवजी लांबट भोक पडलं, स्लाइड शेवटचा केसभर मिटेना, किंवा बार फुसका वाजला, तर तिथेच थांबायचं. ‘शेवटी दोन-चार कवचाच्या मारल्या की शिसं निघून जातं’ असं सांगणारा भेटेलच. त्याचं ऐकू नका. अरुंद झालेल्या वाटेतून कडक गोळी ढकलणं म्हणजे दाब आणखी वाढवणं.

घरी आल्यावर जुन्या ब्रशला तांब्याच्या काथ्याची घासणी गुंडाळा आणि शिसं खरवडा. घासणीला आधी लोहचुंबक लावा. चिकटली तर ती तांबं चढवलेलं पोलाद आहे, नळीत घालू नका. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा घरगुती उपाय करू नका. शिसं त्यात विरघळतं खरं, पण जे तयार होतं ते विषारी आणि कातडीतून शोषलं जाणारं. खरवडलेला चुरा ओल्या कागदात गुंडाळा, फुंकू नका. हात थंड पाण्याने आणि साबणाने धुवा, कपडे वेगळे धुवा आणि लहान मूल त्याआधी कडेवर घेऊ नका.

शेवटचं काम पिशवीचं. सगळे कप्पे उलटे करून झटका. शिवणीत अडकलेलं एक जिवंत काडतूस घेऊन मुंबई किंवा पुण्याच्या विमानतळावर उतरलात, तर शस्त्र कायदा १९५९ खाली पोलिसांपुढे बसावं लागेल, आणि ‘चुकून राहिलं’ हे पटवण्यात सुट्टी जाईल. माझी रेंजची पिशवी गॅरेजमधल्या खुंटीला असते. गावी न्यायच्या बॅगा वरच्या माळ्यावर.