उत्तरेच्या जंगलात पीएचडीला निघण्याआधी

आधी लायसन्स. उत्तर स्वीडनमधल्या उमेओला जंगलाच्या परिसंस्थेवर पीएचडी करायचं मनात असेल, तर अर्ज भरायच्याही आधी आरटीओत जाऊन चारचाकीचं लायसन्स काढा आणि रोज गाडी चालवा. मी काढलं नव्हतं. माझा पहिला उन्हाळा त्यात गेला.

आता अर्ज. इथे पीएचडी ही पगारी नोकरी असते. फी नाही, जागेची जाहिरात निघते, अभ्यासाला पूर्णवेळ 4 वर्षं धरतात. पत्र त्या एका प्रकल्पासाठीच लिहा. निसर्गाची आवड सगळ्यांनाच असते, तुमचा प्रश्न काय ते सांगा. गुणपत्रिका, शिफारशी वगैरे तुम्हाला माहीत आहे. पासपोर्टची मुदत मात्र बघा, राहण्याचा परवाना त्या तारखेपुढचा मिळत नाही.

दापोलीत शिकलेल्या, सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला इथली झाडं फार थोडी वाटतात. स्कॉट्स पाइन, नॉर्वे स्प्रूस, बर्च; दोन दिवसांत ओळख होते. पण इथलं जंगल वाचायचं ते पायाखाली. शेवाळं (मॉस) शिका, लायकेन शिका (आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूलही लायकेनच). प्ल्यूरोझियम श्रेबेरी या शेवाळावर राहणारे सायनोबॅक्टेरिया (प्रकाशावर जगणारे सूक्ष्म जिवाणू) हवेतलं नत्र धरतात, आणि इथल्या झाडांची वाढ बहुतेक नत्रावाचूनच अडते. भिंगातून शेवाळ ओळखण्याचा सराव घरूनच करून या. मला यायला लागल्यावर सगळा अभ्यासच बदलला, इतकं ते सुंदर आहे.

पुन्हा लायसन्स. विंडेलनजवळचं स्वार्टबेरिएट संशोधन केंद्र उमेओपासून साधारण 60 किलोमीटरवर आहे. माझे प्लॉट, म्हणजे मोजमापासाठी आखलेले जंगलाचे तुकडे, त्याच भागात, खडीच्या रस्त्याने आत. तिथे बस जात नाही. मला दर आठवड्याला मातीतला ओलावा मोजायचा होता, पण कुणाची गाडी मोकळी असेल तेव्हाच जायला मिळायचं. बर्फ वितळल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांची एकही नोंद माझ्याकडे नाही. 4 वर्षांत उन्हाळे 4, त्यातला एक असा गेला.

‘तिथे जाऊन काढू’ म्हणू नका! शिकण्याचा परवाना, धोक्यांचं दोन भागांचं प्रशिक्षण (दुसरा भाग निसरड्या ट्रॅकवर), लेखी, मग प्रत्यक्ष परीक्षा, महिने जातात. भारतीय लायसन्स इथली लोकनोंदणी (रहिवासी म्हणून सरकारी नोंद) झाल्यापासून 1 वर्ष चालतं, पण बदलून मिळत नाही. म्हणजे ते वर्ष जंगलात जायचं आणि त्याच वर्षात इथलं काढायचं. नुसतं कार्ड खिशात असून उपयोग नाही, हात बसलेला हवा. गिअरची गाडीच शिका, ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर ऑटोमॅटिकच चालवता येते. इथे गाडी उजवीकडून चालते आणि संध्याकाळी मूस (घोड्याएवढी मोठी हरणं) रस्त्यावर येतात. आपल्याकडे शिकाऊ लायसन्सनंतर पक्क्याची परीक्षा 30 दिवसांनीच देता येते, तेव्हा विमानाच्या आदल्या आठवड्यात धावून काही होणार नाही.

सामान: गमबूट, लोकरी मोजे, डोक्यावरून घ्यायची डासांची जाळी. जाळी विसरू नका, जूनमध्ये डोळे उघडे ठेवता येत नाहीत. कुणाच्याही जंगलातून चालायची मुभा आहे, पण झाडाला भोक पाडायला किंवा उपकरण ठोकायला मालकाची परवानगी लागते. ती आणि उपकरणांची मागणी जूनमध्येच उरका, जुलैत सगळे सुट्टीवर असतात. सप्टेंबरात मूसची शिकार सुरू होते, नारिंगी जाकीट घाला.

हिवाळ्यात आकडेमोड आणि लेखन. आर (आकडेमोडीची संगणकभाषा) येत असेलच. डिसेंबरात उजेड साडेचार तास, दुपारी बाहेर पडा. प्रबंध, तोंडी परीक्षा वगैरे तेव्हाचं तेव्हा बघता येईल.

शिकाऊ लायसन्सचा अर्ज ऑनलाइन भरता येतो. आज रात्रीच भरा.