स्पॅनिशमधले प्रश्न आणि लाडाचे शब्द : या चुका टाळा

आपल्याकडे स्पॅनिश शिकायची ती इंग्रजीतून. ॲप इंग्रजीत, पुस्तकही इंग्रजीत. निम्मा घोटाळा तिथेच होतो.

'ते किएरो'पुढे 'आय लव्ह यू' असा अर्थ दिलेला असतो. मेक्सिकोतल्या मैत्रिणीने चॅटच्या शेवटी ते लिहिलं की आपला गडी रात्रभर जागा! अहो, हे आई लेकाला म्हणते, मैत्रिणी एकमेकींना म्हणतात. प्रेमातली माणसंही म्हणतात, पण तेवढ्यावरून लग्न ठरवू नका. 'ते आमो' त्याहून वजनदार. स्पेनमध्ये तर जपूनच वापरतात.

उलट 'मे गुस्तास' हे 'आय लाइक यू' समजून ऑफिसात कुणाला बिनधास्त म्हणाल, तर पंचाईत. त्याचा अर्थ सरळ 'तू मला आवडतेस', आणि मराठीत ऐकणारीला जे वाटेल तेच तिथेही वाटतं. माणूस म्हणून कुणी बरं वाटत असेल तर 'मे काएस ब्येन' म्हणा. गंमत म्हणजे 'मे गुस्ता एल काफे' ही रचना इंग्रजी माणसाला उलटी वाटते, आपल्याला नाही: 'मला कॉफी आवडते'. इथे मधला दुभाषा काढूनच टाका.

प्रश्नांत मात्र मराठीच दगा देते. मला एकदा विचारलं, 'कोमो एस तु मामा?' (मामा म्हणजे आई, मामा नव्हे.) मी म्हटलं, 'ब्येन, ग्रासियास' (बरी आहे, धन्यवाद). समोरची हसली. तब्येत विचारायची तर 'कोमो एस्ता' हवं होतं. 'कोमो एस' म्हणजे स्वभावाने, दिसायला कशी. आपण दोन्हीला 'आई कशी आहे?' म्हणतो ना! तसंच 'के आसेस?' हे बहुतेकदा 'आत्ता काय चाललंय?' असतं, नोकरी-धंदा विचारायला 'आ के ते देदिकास?'

वय सांगताना 'आन्योस'मधला 'न्य' गिळू नका. नुसतं 'आनोस' झालं तर वर्षांच्या जागी गुदद्वारं मोजाल.

नवरा बायकोला 'गोर्दा' म्हणाला तर भांडण समजू नका. शब्दशः 'जाडी', पण लाडाने, बारीक बायकोलाही. आणि माद्रिदच्या बाजारात फळवाली 'दिमे, कारीन्यो' म्हणाली तर लाजायचं कारण नाही. 'बोल रे राजा, काय देऊ?' एवढंच विचारतेय ती.