जपानला वाजवायला यायचंय? आधी यजमान शोधा

‘दादा, ऑक्टोबरमध्ये जपानला यायचा विचार आहे. दोन-चार कार्यक्रम जमतील का?’ असा निरोप मला दर महिन्याला येतो. कधी पुण्याहून, कधी सांगलीहून, कधी फोंड्याहून. पाठवणारे बहुतेक चांगल्या तयारीचे असतात. काहींनी विमानाचं तिकीटही काढलेलं असतं, फक्त बोलावणारं कुणी नसतं. मी तोक्योत निशी-कासाईला राहतो. आठवडाभर आयटीतली नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी तबला, असं दहा वर्षं चाललंय. या सगळ्यांना मी एकच सांगतो: आधी यजमान शोधा, कार्यक्रमाचं मग बघू.

कारण इथे परदेशी कलाकाराचं जवळजवळ प्रत्येक काम यजमानाच्या हातून होतं. मानधन घेऊन वाजवायचं तर ‘कोग्यो’ म्हणजे कलाकारांसाठीचा व्हिसा लागतो, आणि त्याआधी पात्रतेचं प्रमाणपत्र. त्याचा अर्ज बोलावणाऱ्यानं इथल्या इमिग्रेशन कचेरीत करायचा. करार, मानधनाचा आकडा, जागेची माहिती, तुमची कारकीर्द, सगळं त्याला जोडावं लागतं. हातात एक ते तीन महिने धरा. २०२३ मध्ये हे नियम बरेच सैल झाले, पण अर्ज यजमानानंच करायचा हे तसंच आहे. पर्यटक म्हणून येऊन ‘पाकिटात काय द्याल ते द्या’ असं कृपा करून करू नका. त्यात तुमचा पुढचा व्हिसा अडकतो, आणि ज्यानं विश्वासानं बोलावलं तोही अडचणीत येतो. माझ्यासारख्या नोकरीच्या व्हिसावाल्यालाही पैसे घेऊन वाजवायला वेगळी परवानगी काढावी लागते. ती हाती येईपर्यंत मी मंदिरात फुकट वाजवलं, मानधनाला हात लावला नाही.

मानधन ठरवतानाच कराचं विचारून घ्या. बाहेरून आलेल्या कलाकाराच्या मानधनातून साधारणपणे २०.४२ टक्के कर यजमान कापून घेतो आणि सरकारात भरतो. ‘एक लाख येन’ म्हणजे कापून की न कापता, हे आधी लिहून घेतलं की नंतर मन कडू होत नाही. कापल्याची पावतीही मागून घ्या, घरी विवरणपत्र भरताना लागते.

आता लाइव्ह हाउसबद्दल, कारण नवा माणूस सगळ्यात जास्त इथेच पोळतो. लाइव्ह हाउस म्हणजे तळघरातली शंभर-दीडशे माणसांची जागा. आवाजाची यंत्रणा अशी, की आपल्याकडच्या मोठ्या सभागृहांतही मला ती मिळाली नाही. पण बऱ्याच ठिकाणी ‘नोरुमा’ असतो. ठरलेली तिकिटं तुम्ही खपवायची, कमी पडली तर फरक तुमच्या खिशातून. मला हे कुणी नीट सांगितलं नव्हतं. पंधरा तिकिटं, प्रत्येकी २,००० येन. खपली चार. रात्री सामान आवरल्यावर मॅनेजरनं हिशेबाचा कागद दोन्ही हातांनी पुढे केला आणि मी २२,००० येन मोजले. पुढचा आठवडाभर मला तबल्यावर बसवेना. आज वाटतं, त्यानं फसवलं नाही, सगळं कागदावर होतं; तो कागद वाचून सांगणारं माझ्याकडे कुणी नव्हतं. यजमान असता तर त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, इथे नको. दारात प्रत्येक प्रेक्षकाला विचारतात, ‘आज कुणासाठी आलात?’ तुमच्या नावापुढे किती रेघा पडल्या यावर रात्रीचा हिशेब ठरतो. तिकिटाखेरीज प्रेक्षकाला पाच-सहाशे येनचं पेयही घ्यावंच लागतं, कारण या जागांकडे परवाना खानावळीचा असतो. बोलावलेल्या मित्रांना हे आधी सांगून ठेवा.

तरी त्याच जागेनं मला एक सुंदर गोष्ट दाखवली. तालीम उलट्या क्रमानं होते: जो शेवटी वाजवणार तो पहिल्यांदा. म्हणजे पहिल्या वाजवणाऱ्याची मांडामांड तशीच राहते आणि पडदा वेळेवर उघडतो. त्याआधी एक कागद द्यायचा असतो, कोणती रचना, किती मिनिटं, प्रकाश कसा हवा. मी ‘तीनताल, २० मिनिटं’ एवढंच लिहिलं होतं. ध्वनियंत्रणा सांभाळणारी मुलगी कागद घेऊन आली, गुडघे टेकून बसली आणि म्हणाली, एकेक बोल वाजवा. मी ‘ना’ वाजवला, तिनं चाटेकडे, म्हणजे पुडीच्या कडेकडे, माइक वळवला. ‘घे’ वाजवला, तशी ती डग्ग्यापाशी कान नेऊन कितीतरी वेळ थांबली आणि माइक चार बोटं मागे घेतला. तबला तिनं त्याआधी कधी जवळून पाहिला नव्हता. त्या संध्याकाळी डग्ग्याची मींड, म्हणजे घसरत जाणारा तो सूर, मागच्या भिंतीपर्यंत पोचली. इथे तयारीचा मान राखतात, आणि तुमच्याकडूनही तीच अपेक्षा असते. (तबलजींनो, जूनच्या पावसाळी दमट हवेत पुडी उतरते आणि जानेवारीच्या कोरड्या हवेत चढून फाटते. दोन जास्तीच्या पुड्या आणाच.)

सीडी आणू का, असं सगळे विचारतात. आणा! जपान ही ध्वनिमुद्रित संगीताची अमेरिकेखालोखाल जगातली दुसरी मोठी बाजारपेठ आहे, आणि अजूनही निम्म्याहून जास्त उत्पन्न हातात धरायच्या वस्तूंचं आहे. अमेरिकेतली टॉवर रेकॉर्ड्सची दुकानं २००६ मध्ये बंद झाली. तोक्योच्या शिबुया भागातलं मजल्यांवर मजले असलेलं त्यांचं दुकान आजही भरलेलं असतं. इथल्या सीडीची किंमत कंपनी ठरवते आणि दुकानदार ती उतरवू शकत नाही. आयात केलेली सीडी मात्र स्वस्त पडते. म्हणून जपानी आवृत्तीत एखादी जादा रचना आणि जपानी टिपण घालायची पद्धत पडली. लहान कलाकाराला यातून एक सोपी वाट मिळते: तुमच्याच छापलेल्या सीड्या वितरक मागवतो, त्यांना ‘ओबी’ म्हणजे कडेची कागदी पट्टी लावतो, आत रागाची माहिती जपानीत घालतो आणि दुकानात ठेवतो. कार्यक्रमानंतर मात्र टेबलापाशी स्वतः उभे राहा. इथला रसिक सही घेताना रागाचं नाव लिहून मागतो.

नावावरून आठवलं. स्वतःचं नाव काताकानात, म्हणजे परक्या नावांसाठीच्या जपानी लिपीत, एकदाच, नीट ठरवून घ्या. त्यांच्याकडे ‘ल’ नाही, तो ‘र’ होतो, आणि ‘ळ’ही तसाच. पोस्टरवर एक आणि स्पॉटिफायवर दुसरं झालं, की शोधणाऱ्याला तुम्ही सापडतच नाही.

मग यजमान कुठे शोधायचा? आपलं संगीत शिकलेल्या जपानी कलाकारांकडे. पंडित शिवकुमार शर्मांचे शिष्य ताकाहिरो अराई संतूर वाजवतात. सतार, तबला, बासरी, धृपद, सगळ्यांत अशी माणसं इथे आहेत. कोणत्या बौद्ध मंदिराचा हॉल रागसंगीताला चांगला, कुठल्या कॅफेत तीसच माणसं येतात पण श्वास रोखून ऐकतात, हे त्यांना ठाऊक असतं. भारतीय दूतावासाचं विवेकानंद सांस्कृतिक केंद्र आणि योयोगी पार्कातला ‘नमस्ते इंडिया’ महोत्सव हेही दरवाजे आहेत.

पहिलं पत्र आखूड ठेवा. तीन मिनिटांची एक चित्रफीत, जपानीत एक पान परिचय, तुम्ही किती जण येणार, किती माइक लागतील, आणि सोयीच्या तारखा. शरद ऋतूत यायचं असेल तर हे मार्चमध्ये पाठवा. उत्तर ‘विचार करून कळवतो’ असं आलं तर तो बहुधा नकार असतो. आभार मानून पुढच्याला लिहा.